शेवटच्या रांगेतली खुर्ची

या अंकाचा विषय: उद्योग-व्यवसायाच्या परिषदा.

सव्वीस वर्षं मी परिषदा भरवते आहे. पहिली चार वर्षं तर नुसत्या खुर्च्या मोजण्यात गेली. एक सवय तेव्हापासून टिकून आहे. आदल्या संध्याकाळी सगळी तयारी झाली, मंडळी जेवायला गेली, की मी शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत दहा मिनिटं बसते. पडदा दिसतो का, माइकवरचा आवाज शब्दांसकट पोचतो का की नुसता घुमतो, दार उघडलं की बाहेरचा गलका आत येतो का, हे तिथे बसल्यावरच कळतं. पहिल्या रांगेत बसणाऱ्या पाहुण्यांना यातलं काहीच कळत नाही, आणि परिषद चांगली झाली असं जाहीर मात्र तेच करतात! या वेळी तुमची पत्रं भरपूर आली. काहींना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न: ताई, आमच्या छोट्या व्यापारी संघटनेने दोन दिवसांची परिषद घ्यायचं ठरवलं आहे. तीनशे लोक अपेक्षित आहेत, हातात पाच महिने आहेत. अध्यक्ष म्हणतात आधी हॉल धरा, खजिनदार म्हणतात आधी प्रायोजक शोधा. मी नवखा चिटणीस मधल्यामध्ये अडकलोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दोघांनाही दोन दिवस थांबवा आणि तेवढ्यात एक वाक्य लिहा. आलेला माणूस परत जाताना काय घेऊन जाईल, एवढंच. त्यात ‘विचारमंथन’ किंवा ‘नव्या दिशा’ आल्या तर वाक्य खोडा, पुन्हा लिहा. ‘माल बाहेर विकू पाहणाऱ्या लहान कारखानदाराला दोन दिवसांत किमान तीन खरेदीदार समोरासमोर भेटतील’, हे झालं वाक्य. ते कागदावर आलं, की तुम्हाला मोठ्या मंचापेक्षा टेबलं आणि भेटींचं वेळापत्रक जास्त लागणार आहे, हे आपोआप दिसतं. मग अध्यक्षांना हॉल शोधू द्या.

हॉलच्या माहितीपत्रकातला आकडा हा हॉलवाल्याचा आशावाद असतो. ‘क्षमता ४००’ म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या. मंच नाही, साउंडवाल्याचं टेबल नाही, कॅमेऱ्याचा चौथरा नाही. मी स्वतः साधा हिशेब धरते. नुसत्या खुर्च्यांच्या रांगांना माणशी साधारण १० चौरस फूट, समोर लिहायला टेबल हवं असेल तर १५ ते १८. म्हणजे तुमच्या तीनशे लोकांना रांगेत बसवायला ३,००० चौरस फूट पुरतील, टेबलांसकट मात्र ५,००० च्या आसपास लागतील. मंच वगैरे या आकड्यांच्या वर धरायचं. गोल टेबलं मांडणार असाल तर ५ फूट व्यासाच्या टेबलाशी आठ जण बसतात, ६ फुटांच्या टेबलाशी दहा. पण मंचाकडे पाठ होणाऱ्या खुर्च्या काढल्या, की ५ फुटांच्या टेबलाशी पाच-सहाच उरतात. त्या काढाच. दिवसभर मान वळवून बसलेला माणूस दुपारनंतर ऐकत नाही.

हॉल बघायला जाताना मोजपट्टी न्या. पडद्याच्या उंचीच्या सहापटीपलीकडे बसलेल्याला बारीक आकडे वाचता येत नाहीत. आठपटीपलीकडे ठळक अक्षरंसुद्धा नकोशी होतात. पडदा ६ फूट उंच असेल तर ३६ फुटांपर्यंत ठीक, फार ताणलं तर ४८. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान ४ फूट वर हवी, नाहीतर आलेखाचा तळ पुढच्यांच्या डोक्यांआड जातो. या बेरजेत छताची उंची अपुरी पडते आणि मधे एखादं झुंबर लटकत असतं. खांबांचं तर बोलायलाच नको.

आणि हॉलवाल्याला एक प्रश्न विचारा: “भिंतीपलीकडे त्या दिवशी काय आहे?” माझ्या तिसऱ्या वर्षी मी एक सुरेख हॉल घेतला होता. त्याची एक भिंत सरकती होती, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी पलीकडे एका वाद्यवृंदाची तालीम होती. कर्जाच्या व्याजदरावर बोलणाऱ्या आमच्या वक्त्याला दर चार वाक्यांमागे ड्रमची साथ मिळत होती. आता शेजारच्या हॉलमध्ये मोठा आवाज होणार नाही, हे मी करारातच लिहून घेते.

खजिनदारांसाठी दोन रकाने आखा. एका रकान्यात माणसं कितीही आली तरी होणारा खर्च: हॉल, ध्वनी, पडदा, वक्त्यांचा प्रवास. दुसऱ्यात माणशी खर्च: जेवण, फाइल, बिल्ला. समजा पहिला खर्च ६०० भाग आहे, शुल्क ५ भाग आणि माणशी खर्च २ भाग. मग प्रत्येकामागे ३ भाग हाती राहतात आणि दोनशेव्या माणसाला तुमचा खर्च भागतो. तीनशेची अपेक्षा असताना दोनशेवर भागत असेल तर रात्री झोप लागेल. दोनशे नव्वदवर भागत असेल तर खर्च आत्ताच कापा. प्रायोजकाचे पैसे लेखी पत्र हातात येईपर्यंत या कागदावर लिहायचे नाहीत. तोंडी शब्दावर मी एकदा लिहिले होते.

पाच महिने कमी आहेत, पण पुरतील. मुख्य वक्त्यांना याच आठवड्यात विचारा. कार्यक्रमाची रूपरेषा निदान दहा आठवडे आधी बाहेर पडू दे, कारण बाहेरगावच्या माणसाला रजा आणि तिकिटं दोन्ही काढायची असतात.

प्रश्न: आम्ही परिषदेसाठी एका हॉटेलात दोन रात्रींसाठी ८० खोल्या राखून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात ५२ भरल्या. हॉटेल आता उरलेल्या २८ खोल्यांचे दोन्ही रात्रींचे पूर्ण पैसे मागतंय. करारात ‘२० टक्क्यांपर्यंत घट चालेल’ असं कलम आहे. मी कार्यालय सांभाळते, कायदा मला कळत नाही. पैसे द्यावेच लागतील का?

उत्तर: काही द्यावे लागतील असं दिसतं. ते मागतायत तेवढे नाहीत.

या धंद्यात खोल्या मोजत नाहीत, खोली-रात्री मोजतात. तुमच्या ८० खोल्या दोन रात्रींच्या म्हणजे १६० झाल्या. त्यातून २० टक्के वजा केले की तुमची हमी १२८ ची उरते. वापरल्या १०४. म्हणजे तूट २४ खोली-रात्रींची, आणि ते मागतायत ५६ चे! मुद्दाम असेल असं मी म्हणत नाही. हिशेब करणाऱ्या कारकुनाने करार बहुधा पाहिलेलाच नसतो. पण तुम्ही पाहिलाय, तेव्हा कलमाचा क्रमांक घालून पत्र लिहा.

त्याआधी एक काम करा. तुमच्या प्रतिनिधींची यादी आणि त्या दोन रात्रींची हॉटेलची पाहुण्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायची मागणी करा. दर ठिकाणी काही जण परिषदेच्या दराने खोली न घेता दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावर स्वस्त मिळाली म्हणून तिथून घेतात. राहतात त्याच हॉटेलात, नाश्त्याला तुमच्याच शेजारी बसतात, पण तुमच्या खात्यात मोजले जात नाहीत. असे पाच निघाले तरी दहा खोली-रात्री कमी झाल्या. हॉटेल यादी दाखवायला का-कू करेल. तुमची यादी त्यांना द्या आणि त्यांनाच खुणा करायला सांगा.

मग विचारा, त्या रात्री हॉटेल पूर्ण भरलं होतं का? भरलं असेल तर तुमच्या सोडलेल्या खोल्या त्यांनी दुसऱ्याला विकल्या. एकाच खोलीचे दोनदा पैसे कशाचे? आणि रिकाम्या खोलीत चादर बदलत नाही, पाणी तापत नाही. म्हणून नुकसानीची रक्कम पूर्ण भाड्याइतकी नसावी, बुडालेल्या नफ्याइतकी असावी, असंही म्हणून बघा. हे करारात आधी लिहिलेलं नसेल तर तो तुमचा हक्क नव्हे, घासाघीस आहे. पण घासाघीस चालते. पुढच्या वर्षी परत याल अशी आशा त्यांनाही असते. रक्कम मोठी असेल तर मात्र वकिलाला एकदा करार दाखवाच.

पुढच्या करारात तीन गोष्टी आधीच घालून घ्या. राखीव खोल्या कमी करायच्या दोन-तीन तारखा ठरवा, म्हणजे नव्वद दिवस आधी इतक्या, साठ दिवस आधी इतक्या. घट सगळ्या रात्रींची मिळून मोजायची, रात्रीगणिक नाही. आणि सोडलेली खोली पुन्हा विकली गेली तर ती तुमच्या नावे वळती करायची. जेवणाच्या ताटांची हमीही अशीच असते. शेवटचा आकडा कुठल्या दिवशी कळवायचा ते विचारून ठेवा, आणि तो थोडा कमीच कळवा. ऐनवेळी ताटं वाढवून मिळतात, कमी कोणी करत नाही.

प्रश्न: मी आमच्या वार्षिक परिषदेचं सूत्रसंचालन करते. गेल्या वर्षी प्रत्येक सत्र लांबलं आणि शेवटचं सत्र रिकाम्या खुर्च्यांपुढे झालं. वक्ते सगळे ज्येष्ठ. त्यांना थांबवायचं कसं?

उत्तर: हे पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं, कारण यावर मला बोलायचंच होतं.

वक्त्यांकडे वळण्याआधी तुमचं वेळापत्रक काढा. ९० मिनिटांत चार वक्ते, प्रत्येकी २० मिनिटं, असं काहीतरी असेल. कागदावर ८० मिनिटं झाली, दहा उरली. आता एक उतरला, दुसरा चढला, लॅपटॉपची वायर लागली, परिचय झाला, यात माणशी तीन मिनिटं सहज जातात. म्हणजे ९२. प्रश्नोत्तरं अजून सुरूही झालेली नाहीत. सत्र लांबलं त्यात वक्त्याचा दोष नव्हता, ते जन्मतःच लांब होतं. ४५ मिनिटांच्या जागेत मी वक्त्याला ३० मिनिटंच बोलायला देते. दहा मिनिटं प्रश्नांना, पाच चढउताराला. चर्चासत्राचंही तेच. पाच जण आणि ४५ मिनिटं म्हणजे माणशी नऊ, त्यातून सूत्रसंचालकाचं बोलणं आणि श्रोत्यांचे प्रश्न वजा जाता सहासुद्धा उरत नाहीत. तीनच बोलवा. उरलेले दोघे रुसतील. त्यांना पुढच्या सत्राचं अध्यक्षपद द्या.

परिचयाचं तर मी कडक पथ्य पाळते. वक्त्याने पाठवलेली दोन पानं छापील पुस्तिकेत जातात. मंचावर तीन वाक्यं: नाव, करतात काय, आणि आज यांचंच का ऐकायचं. सूत्रसंचालकांनो, राग मानू नका, पण वेळ खाणाऱ्यांच्या यादीत तुमचा नंबर पुष्कळदा वक्त्यांच्या वर असतो.

आता ज्येष्ठ मंडळी. त्यांना वेळ निमंत्रणात सांगा, आठवड्यापूर्वी फोनवर सांगा, आणि मंचावर जाण्याआधी कार्डं दाखवा. कार्डं मोठी, जाड अक्षरांची: ‘५’, ‘१’ आणि ‘थांबा’. कार्ड धरणारा मुलगा पहिल्या रांगेत मधोमध बसवायचा, कोपऱ्यात नाही. कोपऱ्यातलं कार्ड दिसलंच नाही असं म्हणायची सोय असते. मंचाच्या पायाशी उलटं मोजणारं घड्याळ ठेवता आलं तर फारच छान. वेळेचं काम यंत्राकडे सोपवलं, की रुसवा कोणावर काढायचा हेच कळत नाही. २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेली पेचाकुचा पद्धत याच युक्तीवर चालते. २० चित्रं, प्रत्येक २० सेकंद, ती आपोआप पुढे सरकतात आणि ६ मिनिटं ४० सेकंदांत भाषण संपतंच. टेड या जगप्रसिद्ध व्याख्यानांच्या मंचावर भाषणाला १८ मिनिटांची मर्यादा असते, तिथेही भलेभले बसतात त्यात.

तरीही कोणी थांबलं नाही तर? सत्राध्यक्षाने खुर्चीतून उठून उभं राहायचं. काही बोलायचं नाही. मिनिटभराने पोडियमकडे दोन पावलं टाकायची. माझ्या अनुभवात तिसऱ्या पावलाची वेळ दोनदाच आली. एकदा वक्त्याने मला पाहून “या, या, बसा” म्हटलं आणि बोलणं चालू ठेवलं! तेव्हा मी हातातला माइक सुरू करून त्यांच्या श्वासाच्या जागी म्हटलं, “हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना पुन्हा ऐकायचाय, जेवताना सरांच्या टेबलापाशी या.” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस थांबतो. हे वाक्य तुम्हाला देऊन टाकलं, वापरा.

पण सत्राध्यक्षच बोलका निघाला तर उपाय नाही. तो आधीच नीट निवडावा.

आणि उशीर झाला तरी जेवणानंतरचं सत्र ठरल्या वेळेलाच सुरू करा. हॉल अर्धा रिकामा दिसेल, पाहुणे नाराज होतील. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर येतात.

प्रश्न: चारशे लोकांची नोंदणी होती. सकाळी दारात अशी गर्दी झाली की उद्घाटन पाऊण तास लांबलं. चार टेबलं होती, माणसं कामसू होती. कुठे चुकलं?

उत्तर: भागाकारात. चारशेपैकी बहुतेक सगळे उद्घाटनाच्या आधीच्या ४० मिनिटांत येतात, म्हणजे मिनिटाला दहा. एकाला बिल्ला शोधून द्यायला अर्धं मिनिट लागतं असं धरा. एक टेबल मिनिटाला दोघांना सोडतं. दहांसाठी पाच टेबलं अखंड चालायला हवीत, कोणी शिंकायचंसुद्धा नाही. तुमची चार होती. रांग वाढतच जाणार होती, माणसं कितीही कामसू असोत. सहा-सात मांडायची.

जॉन लिटल नावाच्या अभ्यासकाने १९६१ मध्ये एक सुटसुटीत नियम सिद्ध केला. रांगेत उभी असलेली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. मिनिटाला दहा येतायत आणि प्रत्येक जण सहा मिनिटं थांबतोय, तर तुमच्या दारात साठ माणसं उभी असणार. माणशी दोन फूट धरले तर एकेरी रांग १२० फुटांची. ती दालनात मावते का, की जिन्यावर जाते, हे आदल्या दिवशी पावलांनी मोजून ठेवता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अडलेल्यांसाठी वेगळं टेबल ठेवा. “माझं नाव यादीत नाही”, “पावती साहेबांकडे आहे”, “मी त्यांच्या जागी आलोय”, अशा एका माणसामागे वीस जण खोळंबतात. त्याला गोड बोलून त्या टेबलाकडे पाठवायचं आणि तिथे तुमची सर्वांत शांत सहकारी बसवायची. पैसे फक्त तिथेच घ्यायचे.

बिल्ल्यांचं एक सांगते. नाव मोठं, संस्था लहान, परिषदेचं बोधचिन्ह त्याहून लहान. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं, आणि माणसं एकमेकांच्या छातीकडे वाकून वाकून बघत असतात. नाव दोन्ही बाजूंना छापा; गळ्यातला बिल्ला हमखास उलटा फिरतो.

प्रश्न: आमचे संचालक म्हणतात, मधल्या सुट्ट्या १५ मिनिटांच्या करा, त्यात आणखी एक सत्र बसतं. मला पटत नाही, पण कारण सांगता येत नाही.

उत्तर: कारण त्यांना हॅरिसन ओवेन यांच्या गोष्टीतून सांगा. या गृहस्थांनी १९८३ मध्ये अडीचशे माणसांची एक परिषद वर्षभर खपून भरवली. आटोपल्यावर लोकांचं आणि त्यांचं स्वतःचं एकमत झालं, की सगळ्यात उपयोगी काय ठरलं तर कॉफीच्या सुट्ट्या! म्हणजे ज्या भागाचं नियोजन त्यांनी केलंच नव्हतं तोच. त्यावरून त्यांनी १९८५ मध्ये ‘ओपन स्पेस’ नावाची पद्धत आणली. आधी ठरवलेले वक्ते नाहीत, कार्यक्रमपत्रिका नाही. लोक गोल बसतात, ज्याला विषय मांडायचा त्याने तो लिहून भिंतीवर लावायचा. आणि जिथे आपण शिकतही नाही आणि शिकवतही नाही तिथून आपल्या पायांनी उठून दुसऱ्या गटात जायचं.

तुम्ही एवढ्या टोकाला जाऊ नका. ओपन स्पेसचं नाव ऐकूनच तुमचे संचालक आजारी पडतील. पण १५ मिनिटांत तीनशे माणसं हॉलबाहेर पडेपर्यंतच पाच जातात आणि परत आत यायला पाच. उरलेल्या पाचांत स्वच्छतागृहापुढच्या रांगेत ओळखी होत नाहीत. अर्धा तास ठेवा, जेवणाला सव्वा तास. जेवणाची टेबलं भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं तर त्याच टेबलावर रांग दुपटीने सरकते. मला स्वतःला माझ्या पहिल्या तीन मोठ्या परिषदांची कामं एकाच खिडकीशी उभं राहून बोलताना मिळाली. त्या सत्रांमध्ये कोण काय बोललं ते आज मला आठवत नाही.

प्रश्न: परिषद दोन भाषांत आहे. दुभाषा एकच पुरेल ना? बाई हुशार आहेत.

उत्तर: नाही. हुशार असल्या तरी नाही. ऐकता ऐकता भाषांतर करायचं काम २० ते ३० मिनिटांत मेंदू पिळून काढतं, म्हणून दुभाषे जोडीने बसतात आणि आलटून पालटून बोलतात. १९४५ मध्ये नाझी नेत्यांवरच्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यात चार भाषांत असं काम चाललं होतं. बोलणाऱ्याने घाई केली की पिवळा दिवा लागायचा, म्हणजे सावकाश. लाल लागला की थांबा. तुमच्याकडे दिवे नसतील तर दुभाष्यांनी हात वर करायची खूण ठरवून घ्या आणि वक्त्याला ती आधी दाखवा. भाषणाची टिपणं, आकडे, विशेषनामं दुभाष्यांना दोन दिवस आधी द्या. आकडेच सगळ्यात आधी निसटतात.

प्रश्न: मोठा प्रायोजक म्हणतो, बीजभाषण, म्हणजे सुरुवातीचं मुख्य भाषण, आमच्या विक्रीप्रमुखांचंच हवं. नाही म्हटलं तर पैसे जातील.

उत्तर: त्यांना वेगळं सत्र द्या, त्यावर त्यांचं नाव ठळक लिहा, प्रदर्शनात मोक्याची जागा द्या. बीजभाषण देऊ नका. सकाळी नऊ वाजता जाहिरात ऐकलेला माणूस दिवसभर प्रत्येक वक्त्याकडे संशयाने बघतो. तेवढ्यावरून पैसे गेलेच, तर पहिल्या उत्तरातला दोन रकान्यांचा कागद काढा.

प्रश्न: निम्मे लोक हॉलमध्ये, निम्मे ऑनलाइन, असं करतोय. काय सांभाळू?

उत्तर: आवाज. चित्र अडखळलं तर लोक सोसतात, आवाज तुटला की निघून जातात. कॅमेऱ्याच्या माइकवर भिस्त ठेवू नका. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घ्या. श्रोत्यांतून आलेला प्रश्न माइकशिवाय विचारू देऊ नका. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू येतो, घरी बसलेल्याला नुसती शांतता. पाहुण्यांच्या वायफायवर प्रक्षेपण करू नका, वेगळी केबल मागा. १०८० पिक्सेलच्या प्रक्षेपणाला ५-६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अपलोड लागतो, त्याच्या दुप्पट हाती ठेवा. आणि ऑनलाइन लोकांची बाजू घेऊन हात वर करणारा एक माणूस हॉलमध्ये नेमा. नाहीतर त्यांचे प्रश्न शेवटी ‘वेळेअभावी’ राहतात.

प्रश्न: ताई, परिषदेच्या दिवशी तुमच्या पिशवीत काय असतं? मी पहिल्यांदाच स्वयंसेवक म्हणून जाणार आहे.

उत्तर: पिशवी जड असते आणि ती मी कोणाला उचलू देत नाही. लॅपटॉपला पडद्याशी जोडायचे सगळ्या जातींचे अडॅप्टर, प्रत्येकाला माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली, कारण वक्ते ते घेऊन जातात. माइकच्या बॅटऱ्या, दुपारी जेवणाच्या वेळी न विचारता बदलायच्या. पेन ड्राइव्हवर सगळी सादरीकरणं, पीडीएफच्या रूपातही, म्हणजे अक्षरं बदलून चौकोन दिसायला नकोत. कोरे बिल्ले आणि जाड मार्कर. कात्री. सगळ्यांचे फोन नंबर छापलेला कागद, कारण फोनची बॅटरी संपते ती नेमकी त्याच दिवशी. सपाट टाचांच्या चपलांचा जास्तीचा जोड.

आणि काळ्या कापडी गॅफर टेपचा एक गठ्ठा. वायरींवर चिकटवायची ती, म्हणजे कोणी अडखळत नाही, आणि काढताना डिंक मागे राहत नाही. एकदा मंचावर जायला सहा मिनिटं उरलेली असताना मुख्य वक्त्याच्या बुटाचा तळ निघाला. त्याच टेपने दोन वेढे घालून बांधला, रंग जुळला. ते चाळीस मिनिटं मंचभर फिरत बोलले. पहिल्या रांगेतल्यांच्या लक्षात आलं असेल कदाचित. मी मागे बसले होते, मला तरी दिसलं नाही.